खानाच्या हातात नेमकं काय होतं?

अनुवादिनी
गडावर शाळांच्या सहली येतात, त्यांच्यासाठी एक घडीपत्रिका इंग्रजीतून मराठीत करतेय. प्रतापगड, १० नोव्हेंबर १६५९. मूळ वाक्य साधं आहे: अफजलखानानं 'डॅगर'नं वार केला, महाराजांनी 'सेल्फ डिफेन्स'मध्ये त्याला मारलं. मी 'खंजीर' आणि 'स्वसंरक्षणार्थ' लिहिलं. तपासणाऱ्या गृहस्थांनी दोन्ही खोडून 'कट्यार' आणि 'आत्मसंरक्षणार्थ' केलं. घरी सासूबाई म्हणतात, दोघंही चुकताय, आम्ही लहानपणी 'सुरा' ऐकलाय. काय ठेवू? परवा छपाईला जायचंय.

कंदीपेढा
सभासदाच्या बखरीत 'जमदाड' आहे. खानानं राजांची मुंडी काखेत दाबली आणि जमदाड कुशीत चालवली. आतल्या जरीच्या कुडतीवर ती नुसती खरखरली. घटनेनंतर चाळीस वर्षांच्या आत जिंजीला बसून लिहिलंय. सासूबाईंचा मान राखून सांगतो, सभासदाचं ऐका.

अनुवादिनी
चौथीच्या पोराला जमदाड वाचून जमदग्नी आठवेल हो.

पोलादी
मग कट्यारच लिहा. जमदाड त्याच कुळातली. कट्यारीची मूठ आडवी असते, दोन उभ्या पट्ट्यांच्या मधे. मुठीत धरून ठोसा मारल्यासारखी घुसवायची. खंजिराची मूठ पात्याच्या रेषेत. डोकं काखेत दाबलेल्या माणसाच्या कुशीत ठोसाच नीट बसतो, हे एकदा उशीवर करून बघा.

देशीकार
शिवाय खंजीर अरबी आहे. महाराजांनी राज्यव्यवहारातले फारसी शब्द काढायला कोश करवून घेतला, आणि त्यांच्याच गडाच्या पत्रिकेत आपण खंजीर लिहिणार?

पोलादी
खंजीर खानाच्या हातात दिलाय, महाराजांच्या नाही. आणि कट्यारीचं मूळही बरेच जण तमिळ 'कट्टारि'कडे नेतात. आपलं म्हणजे कुठपर्यंतचं?

देशीकार
दक्षिणेकडचं आपलंच. बाकी जमदाड म्हणजे यमाची दाढ, हे कळायला कोश लागत नाही. जमदाढ, तीच जमदाड.

कंदीपेढा
दाढ नव्हे, धार. अकबराच्या काळात अबुल फझलनं शस्त्रांची यादी दिलीय, तिथे 'जमधर' आहे. यमाची धार. दाढ नंतर लोकांनी बसवली असावी.

देशीकार
लोकांनी बसवली म्हणजे मराठी झाली. धन्यवाद.

(हेच देशीकार गेल्या महिन्यात 'लोक वापरतात म्हणून बरोबर होत नाही' असं सांगत होते. असो.)

कोर्टाची पायरी
तुमच्या हत्यारांच्या गडबडीत दुसरा शब्द राहिला. स्वसंरक्षण आणि आत्मसंरक्षण यांत अर्थाचा फरक शून्य. आत्मचरित्रातला आत्म तो हाच. पण दोन्ही शब्द तोकडे आहेत. कायद्यात आम्ही 'खाजगी बचावाचा हक्क' म्हणतो. दंड संहितेत कलम ९६ ते १०६ होती, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेत ३४ ते ४४. त्यात स्वतःच्या शरीराइतकंच दुसऱ्याचं शरीर वाचवणंही येतं. सय्यद बंडा महाराजांवर धावला आणि जिवा महालानं त्याचा हात तोडला. त्यात 'स्व' कुठे आहे?

देशीकार
होता जिवा म्हणून वाचला शिवा! पण खाजगी? त्या शामियान्यात आदिलशाही आणि स्वराज्य समोरासमोर होती. यापेक्षा जाहीर ते काय?

कोर्टाची पायरी
खाजगी म्हणजे गुपचूप नव्हे. सरकारनं, पोलिसांनी करायचं ते काम वेळ नसल्यानं आपण केलं, एवढाच अर्थ. तेही गरजेपुरतंच, जास्त इजा करायची नाही. शब्द वाईट आहे हे मान्य. कोर्टात 'बचाव'चा अर्थ आरोपीची बाजू असाही होतो, त्यामुळे 'बचाव पक्षाने खाजगी बचावाचा बचाव घेतला' असलं वाक्य मी स्वतः टाइप केलेलं आहे.

छत्रीवाला
आमच्या वडिलांची गोष्ट सांगतो, शब्दाशी संबंध आहे. रात्री एसटी स्टँडवर एकानं सुरी काढली. वडिलांकडे लांब दांड्याची काळी छत्री. त्यांनी ती त्याच्या तोंडासमोर फाडकन उघडली. सुरी कापडातून गेली आणि काड्यांत अडकली. माणूस सुरी टाकून पळाला. हवालदारानं फिर्यादीत लिहिलं, 'वार हुकला.' वडील जाईपर्यंत धुसफुसत होते: हुकला नाही रे, मी चुकवला! हुकतो तो मारणाऱ्याच्या चुकीनं.

पोलादी
हे खरं शब्दप्रेम. पण आमच्याकडे कोल्हापूरला 'वार हुकवला' म्हणतात, म्हणजे चुकवलाच.

छत्रीवाला
हवालदार 'हुकला' म्हणाला, 'हुकवला' नाही. एका 'व'साठी माणूस तीस वर्षं झुरला.

पैठणी
मला वेगळंच विचारायचंय. महाराजांच्या हातातला बिचवा आणि पायातल्या बोटातले बिछवे, एकच का?

देशीकार
दोन्ही विंचवावरून. पातं नांगीसारखं बाकदार म्हणून. खरं तर 'विंचवा'च म्हणायला हवं, बिचवा हिंदीच्या वाटेनं आलाय.

कंदीपेढा
बखरीत बिचवाच आहे. झालं का समाधान? आणि वाघनख एकवचनी लिहा. २०२४ मध्ये लंडनच्या संग्रहालयातून ते साताऱ्याला प्रदर्शनाला आलं (महाराजांचंच याला पुरावा नाही, असं संग्रहालयानंच सांगितलं होतं), तेव्हा सगळीकडे 'वाघनखं आली'. नखं अनेक असली तरी हत्यार एक.

पैठणी
कात्री एक, पाती दोन, तसं? आजीच्या माळेत सोन्यात मढवलेलं खरं वाघाचं नख होतं, त्याला मात्र आम्ही वाघनखंच म्हणायचो, एकच असून. आदरार्थी असेल. पण आमच्याकडे बिछवे नव्हे, जोडवी म्हणतात.

अनुवादिनी
गेली पत्रिका छापायला. 'कट्यार' ठेवलं. स्वसंरक्षण, आत्मसंरक्षण दोन्ही काढून 'जीव वाचवण्यासाठी उलटा वार केला' लिहिलं. आता ते गृहस्थ विचारताहेत, उलटा म्हणजे हात उलटा करून का?

कंदीपेढा
'उलट वार.' काना काढा.

देशीकार
'प्रतिवार' का नको?

पैठणी
पायाच्या बोटांतल्या विरोल्या आणि मासोळ्यांतला फरक कुणी सांगेल का?