मदत हवी आहे: साखरपुड्याची हिऱ्याची अंगठी, प्लॅटिनम की १८ कॅरट? आणि सेटिंग कुठलं?

नमस्कार मंडळी, दोन महिन्यांवर साखरपुडा आलाय आणि अंगठीवरून डोक्याचा पार भुगा झालाय. हिरा ठरलाय, गोल, अर्ध्या कॅरटच्या जरा खाली, आयजीआयचं (हिरे तपासणारी संस्था) सर्टिफिकेट आहे, तो विषय संपला. अडलंय ते धातू आणि सेटिंगपाशी (म्हणजे हिरा अंगठीत बसवायची पद्धत).

होणारी बायको परळला एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे, दिवसभर ग्लोव्हज घाल-काढ, वर डोंबिवलीहून रोजची लोकल. तिला अंगठी पांढरीच हवीय. आईचं म्हणणं सोन्याचीच, ती पण २२चीच, पांढरी घेतलीत तर लोक चांदीची समजतील. (लोक म्हणजे आत्या. फक्त आत्या.)

शनिवारी दादर आणि झवेरी बाजार पालथा घातला. २२ला सगळ्यांनीच नाही म्हटलं, सोनं मऊ, हिरा धरणारी नखं वाकतात, १८च घ्या म्हणे. व्हाइट गोल्डवर रोडियमचा मुलामा असतो, वर्ष-दोन वर्षांत तो झिजला की आतला पिवळट रंग दिसायला लागतो, मग परत मारून घ्या. प्लॅटिनमला ती भानगड नाही, पण १८ कॅरटमध्ये ४ ग्रॅमची होणारी अंगठी त्यात सव्वापाच ग्रॅमच्या आसपास जाते, घडणावळ जास्त, आणि पुढेमागे माप बदलायचं झालं तर आमचा गल्लीतला सोनार हात लावणार नाही, म्हणजे परत त्याच दुकानात. सेटिंग सहा नखांचं की हिऱ्याभोवती कडा असलेलं बंद? कोणी रोज वापरत असेल तर सांगा प्लीज.

प्रतिसाद १
मी नर्स आहे, उंच सेटिंग अजिबात घेऊ नका. माझी सहा नखांची आहे, ग्लोव्हज फाटायचे ते वेगळंच, एकदा फास्ट लोकलमध्ये एका बाईच्या ओढणीच्या जाळीत अशी अडकली की मला भायखळ्याला उतरायचं होतं आणि मी तिच्यासोबत दादरला उतरले. बंद सेटिंग बघा, आपलं जुनं कोंदणच ते. कडा वर येते म्हणून हिरा किंचित लहान दिसतो एवढंच. पण एक सांगा, लॅबमध्ये अंगठी घालून देतात का, विचारलंत तिला?

प्रतिसाद २
आईसाठी तोडगा: अंगठीचं कडं १८ कॅरटच्या पिवळ्या सोन्याचं आणि हिऱ्याभोवतीचं कोंदण फक्त व्हाइट गोल्डचं. मुलामा मारायचा तरी तेवढ्याच भागाला. आणि सोन्याची घेतलीत तर सहा अक्षरी एचयूआयडी (दागिन्यावरचा हॉलमार्कचा नंबर) सरकारी बीआयएस केअर ॲपवर टाकून दुकानातच बघा, घरी येऊन नको.

धागाकर्ता
विचारलं. ड्युटीवर काढूनच ठेवणार म्हणे, गळ्यातल्या चेनमध्ये अडकवून. मी तीन आठवडे ग्लोव्हजचा विचार करतोय हे ऐकून दहा मिनिटं हसत होती. दोन रंगांचं तिला आवडलं, बंद सेटिंग नक्की. आत्याला अजून फोटो दाखवलेला नाही.