खारीचं पुणं, जेलीची मुठा आणि तिसऱ्या दिवशी घंटागाडी

ताकपीठ
भाची आर्किटेक्चरला आहे. तिच्या वर्गाने कॉलेजच्या महोत्सवात खाण्याच्या वस्तूंचं पुणं उभं केलं. शनिवारवाडा खारीचा, पर्वती चिक्कीची, मेट्रोचे खांब टोस्टचे, मुठा जेलीची आणि तीही निळी (मुठा! निळी!). दिसत होतं सुरेख, उगाच खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवशी मुंग्या लागल्या, पर्वती पाघळली. तिसऱ्या दिवशी सगळं पोत्यांत भरून घंटागाडीत. मी काही बोलायच्या आत भाची म्हणाली, "मावशी, ही तात्पुरती कला असते."

माझी आई १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला जायची. सुकडी आणि अमेरिकेहून आलेला लाल मिलो (तिकडची ज्वारी) यांवर घर चाललं. ताटात शीत राहिलं तर ती आजही बोटाने पुसून खाते. तिला मी हे फोटो दाखवले नाहीत, दाखवायची हिंमतच झाली नाही. मला विचाराल तर हा निव्वळ माज आहे. तुम्हाला काय वाटतं?

गवंडी
ताकपीठताई, घंटागाडीबद्दल तुमच्याशी सहमत. पण तेवढ्यावरून हा प्रकारच निकालात काढू नका.

बीजिंगचा कलाकार सोंग दोंग बिस्किटांची आणि गोळ्या-चॉकलेटांची शहरं बांधतो. २००६ मध्ये लंडनला त्याने सुमारे ७२,००० बिस्किटांचं शहर उभं केलं होतं. बांधून झालं की लोकांना बोलावतो आणि सांगतो, खा. लोक आधी बिचकतात, मग एखादा मनोऱ्याचं टोक उचलतो आणि तासाभरात मैदान. गंमत खाण्यात नाही, कोण खातंय यात आहे. बीजिंगमधल्या जुन्या गल्ल्या, ते हुतोंग, पाडून तिथे काचेचे टॉवर आले, ते त्याने डोळ्यांनी पाहिलंय. नवं शहर दिसायला गोड, तोंडाला पाणी सुटेल असं, आणि ते फस्त करणारे हात आपलेच. हे सिमेंटच्या मॉडेलमध्ये सांगून बघा. जमणार नाही.

मीठभाकर
कोणत्या जागी केलं तेही सांगा की. सेल्फ्रिजेसमध्ये! लंडनमधलं बडं दुकान. म्हणजे गिऱ्हाईक ओढायला मांडलेला देखावा आणि वर शहाणपणाचं आयसिंग. विकासावर टीका करायची ती खरेदीच्या पिशव्या हातात असलेल्यांपुढे?

आणि शंभर जणांनी हाताळलेली बिस्किटं मी तरी खाणार नाही.

गवंडी
लग्नाच्या बुफेत काय वेगळं असतं?

उत्तरेची_लेक
मी बर्गनला राहते, नॉर्वेत. इथे १९९१पासून दर वर्षी नाताळाआधी पेपरकाकेबीएन उभं राहतं. पेपरकाके म्हणजे आलं-दालचिनी-लवंग घातलेली कडक बिस्किटं, आणि त्यांचं गाव. जगातलं सगळ्यात मोठं, असं बर्गनकर छाती फुगवून सांगतात. बालवाड्या, शाळा, कचेऱ्या, सगळे आपापलं घर भाजून आणून देतात. माझ्या मुलाच्या बालवाडीचं घर गेल्या वर्षी एका बाजूला कललं होतं. तरी तो दर रविवारी ते बघायला हट्ट करायचा.

नोव्हेंबर २००९ मध्ये कोणीतरी आत शिरून अख्खं गाव तुडवलं. लोक हळहळले, चिडले, आणि मग पुन्हा ओव्हन पेटवून बसले. गाव परत उभं केलं. हे सगळं आम्ही इथे यायच्या आधीचं, पण शेजारीण अजून काल घडल्यासारखं सांगते. तिला कधी कणकेचा हिशेब करताना मी ऐकलं नाही.

मीठभाकर
कारण तिकडे कणकेचा हिशेब करायची वेळ येत नाही. ताकपीठताईंच्या आईवर ती आली होती. फरक तिथेच आहे.

आत्याबाई
अहो, तुम्ही सगळे रुखवत विसरलात का? माझ्या लग्नात (सन विचारू नका) मामीने साखरेचं तुळशीवृंदावन केलं होतं, माझ्या नणंदेच्या लग्नात डाळींचा बंगला. मुगाची हिरवळ, मसुराची कौलं, तांदळाची पायवाट. तेव्हा कोणी माज म्हणालं नाही, उलट सासरच्या बायका वाकून वाकून बघत होत्या. लाडू, चिरोटे, कुरडया घरोघर वाटल्या जायच्या, हे खरं. पण बंगला डिंकाने पुठ्ठ्यावर चिकटवलेला. तो कोण खाणार? कपाटावर ठेवला, पावसाळ्यात टोके झाले, आणि सासूबाईंनी गुपचूप परसात टाकला.

तेव्हा नासाडीचा शोध आजच्या मुलांनी लावला असं समजू नका.

गवंडी
आत्याबाई, दंडवत! मसुराची कौलं डोळ्यांसमोर आली.

चिंचोका
दिवाळीत मुलं किल्ला करतात, तोही चार दिवसांत मोडतो. तेव्हा कोणी धागा काढत नाही.

ताकपीठ
चिंचोका, किल्ला मातीचा असतो. माती आपण खात नाही. माझा मुद्दाच तो आहे. मोडण्याला माझी हरकत नाही, अन्नच का? लाकडाचा भुसा घ्या, पुठ्ठा घ्या, थर्माकोल घ्या.

गवंडी
'अन्नच का' याचं उत्तर देतो. थोडं लांबेल.

कादेर अत्तिया हा अल्जेरियन आईबापांचा, फ्रान्समध्ये जन्मलेला कलाकार. त्याने २००९ मध्ये घार्दाया हे अल्जेरियातलं वाळवंटातलं जुनं शहर शिजवलेल्या कुसकुसचं केलं. कुसकुस म्हणजे रव्याचे वळलेले कण, तिकडचं रोजचं जेवण. साच्यातून काढलेली घरं एकमेकांना खेटून, मध्ये मशिदीचा उंचवटा. प्रदर्शन पुढे सरकतं तसं ते वाळतं, भेगा पडतात, कडा ढासळतात. कोणी खात नाही, कोणी डागडुजी करत नाही. शेजारी दोन वास्तुरचनाकारांचे फोटो: ल कॉर्बुझिए आणि फेर्नां पुइयों. ल कॉर्बुझिएने १९३१ मध्ये घार्दाया पाहिलं. ती पांढरी, साधी घनाकार घरं पाहून तो भारावला होता. आधुनिक वास्तुकलेच्या इतिहासात मोठं नाव झालं त्याचं. घार्दायाचा गवंडी कोणाला माहीत आहे? फ्रान्सने अल्जेरियावर राज्य केलं, तिथली घरं बघून शिकला, आणि उलट तिथे शहाणपण शिकवत बसला. अत्तिया ते शहर तिथल्या माणसांच्या ताटातल्या घासाने बांधतो आणि ढासळू देतो. भुशाचं केलं असतं तर ते नुसतं मॉडेल झालं असतं.

म्हणून प्रत्येक वेळी विचारायचं, हाच पदार्थ का. खारीचा शनिवारवाडा का, याचं उत्तर तुमच्या भाचीकडे असेल तर मला आवडेल ऐकायला. 'पिवळसर दिसते म्हणून' असं असेल तर मग मी तुमच्या बाजूने.

चिंचोका
सॅन फ्रान्सिस्कोची कलाकार लिझ हिकॉक तिचं शहर जेलीत ओतते, खालून दिवे. जरा धक्का लागला की इमारती थरथरतात. १९०६ चा भूकंप ज्या गावाने पाहिलाय तिथे जेलीच पाहिजे. मुठेला जेली कशाला ते मात्र कळलं नाही.

मीठभाकर
गवंडींनी सोंग दोंगचं नाव काढलं म्हणून रात्री शोधत बसलो. याच माणसाचं दुसरं काम २००५ चं. त्याच्या आईने पाचेक दशकांत काहीही फेकलं नव्हतं: साबणाच्या वड्या, टूथपेस्टच्या रिकाम्या ट्यूबा, बाटल्यांची झाकणं, चिंध्या. टंचाईत दिवस काढलेली बाई. नवरा गेल्यावर तर साठवणं आणखी वाढलं. मुलाने त्या दहा हजारांहून जास्त वस्तू आईलाच बरोबर घेऊन प्रदर्शनात मांडल्या, रांगा लावून. फोटो पाहिले आणि आमच्या आजीचा माळा आठवला. दुधाच्या धुतलेल्या पिशव्यांची चळत होती तिथे.

त्या आईचा मुलगा ७२,००० बिस्किटं मांडून 'खा' म्हणतो तेव्हा त्याला मी माजोरडा म्हणू शकत नाही. एवढं मागे घेतो. सेल्फ्रिजेसबद्दलचं घेत नाही.

ताकपीठ
मीठभाकर, हे वाचून मी काल आईला फोटो दाखवले शेवटी. भाचीच्या पुण्याचे. तिने चष्मा लावून पाहिले आणि म्हणाली, "चिक्की गुळाची का साखरेची?" साखरेची, म्हटल्यावर म्हणाली, "म्हणून पाघळली. गुळाचा पाक गोळीबंद घ्यायचा."

बाकी काही बोलली नाही. मला अजून ते पोत्यात भरणं खटकतंच, आणि माझं मत मी बदललेलं नाही. भाचीने हा धागा वाचलाय. खारी का, या प्रश्नावर ती फक्त "ॲक्च्युअली स्वस्त पडते" म्हणाली, तेव्हा गवंडी, तुम्ही शब्दाला जागा. पुढच्या वर्षी चुरमुऱ्यांचं शहर करून शेवटी भेळ करून वाटायची, असा तिचा बेत आहे.

चिंचोका
मग मुठा पुदिन्याच्या चटणीची करा. रंग तरी जुळेल.