मनावरचा ताण इंग्रजीतून नेमका कसा सांगावा?

प्रश्न (वाळपई)
नमस्कार. माझे प्राथमिक शिक्षण सत्तरीत मराठी माध्यमातून झाले आणि सध्या मी वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एका औषध कंपनीच्या गुणवत्ता विभागात काम करतो. अहवाल आणि ईमेल यांपुरते इंग्रजी मला जमते. मात्र वरिष्ठांनी केबिनमध्ये बोलावून आपुलकीने चौकशी केली, की माझ्याकडे ‘टेन्शन’ हा एकच शब्द उरतो. महिनाअखेरीस माल पाठवण्याच्या घाईत सगळ्या नमुन्यांचे अहवाल एकदम मागितले जातात तेव्हा जे होते ते, आणि रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यावर विनाकारण जीव घाबरा होतो ते, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. त्या वेगळेपणासकट कशा सांगाव्यात? समानार्थी शब्दांच्या याद्या पाठ करून पाहिल्या, पण बोलताना त्या कामी येत नाहीत.

उत्तर (फोंडा, इंग्रजीची शिक्षिका)
यादीतले शब्द एकमेकांच्या जागी चालतील असे आपण धरून चालतो आणि भावनांच्या बाबतीत ते क्वचितच खरे ठरते. प्रत्येक शब्द शिकताना त्यामागचे कारण काय आणि ती अवस्था किती वेळ टिकते, हे आधी पाहावे. मुलाखतीपूर्वी हाताला घाम सुटतो तेव्हा ‘नर्व्हस’. घरच्या कुणाच्या तब्येतीची काळजी असेल तर ‘वरीड’. कारण धड सांगता येत नाही, तरीही धास्ती मनातून जात नाही, तेव्हा ‘अँक्शस’. आपली रात्रीची अवस्था मला या शेवटच्या शब्दाच्या जवळची वाटते. महिनाअखेरीला ‘ओव्हरव्हेल्म्ड’ म्हणावे, कारण अंगावर इतके काम एकदम येते की सुरुवात कुठून करावी हेच सुचत नाही.

शब्द एकटा पाठ करू नये. ‘वरीड अबाउट’, ‘फेड अप विथ’ अशा जोडीनेच तो जिभेवर बसतो. काम ‘स्ट्रेसफुल’ असते आणि माणूस ‘स्ट्रेस्ड’ असतो, हा भेद तर आमचे पदवीधर विद्यार्थीही विसरतात, म्हणून मी तो वर्गात पुन्हा पुन्हा म्हणवून घेते.

उत्तर (म्हापसा, समुपदेशक)
ताईंनी सांगितलेले योग्यच आहे. दोन शब्द मात्र जपून वापरावेत. एखादा दिवस वाईट गेला म्हणून ‘डिप्रेस्ड’ म्हणू नये. डॉक्टर नैराश्याचे निदान करताना लक्षणे निदान दोन आठवडे टिकली आहेत का, हे पाहतात. ‘बर्नआउट’ला जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली कामाच्या ठिकाणच्या, दीर्घकाळ न आवरलेल्या ताणाशी जोडले आहे आणि तो आजार म्हणून नोंदवलेला नाही. थकवा, कामाविषयी अलिप्तपणा किंवा तिटकारा आणि आपल्या हातून काही नीट होत नाही ही भावना, या तिन्ही खुणा त्यात येतात. एका आठवड्याच्या दमणुकीला तो शब्द लावला, तर ऐकणाऱ्याचा गैरसमज होतो.

शब्द सुचला नाही तर शरीरात काय होते ते सांगावे. छातीत धडधडते, झोप मोडते, जेवण जात नाही, ही वाक्ये साध्या इंग्रजीतही अचूक पोहोचतात. रात्रीचा त्रास वाढत असेल तर इंग्रजीची वाट पाहू नये. केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीतून बोलता येते.

प्रश्नकर्ता (वाळपई)
आपणा दोघांचे मनापासून आभार. वरिष्ठांसाठी हे वाक्य तयार केले आहे: ‘आय फील ओव्हरव्हेल्म्ड अ‍ॅट मंथ-एंड.’ एवढे पुरेल का?

उत्तर (फोंडा, इंग्रजीची शिक्षिका)
वाक्य शुद्ध आहे. त्यापुढे ‘बिकॉज’ जोडून सगळे अहवाल एकाच दिवशी मागितले जातात, हे जरूर सांगावे, म्हणजे त्यांना मुदती विभागून देण्याचा विचार करता येईल. रात्रीच्या घाबरण्याबद्दल त्यांच्याशी बोलायचे की नाही, हे सर्वस्वी आपण ठरवावे.