नदीच्या खोऱ्यात तीन दिवस : यादीतले काय ठेवावे, काय गाळावे?

पायवाट (प्रश्न)

नमस्कार. पुढच्या महिन्यात एका ग्रामीण नदीखोऱ्यात तीन दिवस मुक्काम करण्याचा आमचा बेत आहे. सोबत सत्तरीचे वडील आणि दहा वर्षांची मुलगी असेल. नकाशा समोर ठेवून मी एक यादी केली आहे : दोन धबधबे, एक घळ, दोन नद्यांचा संगम, खोऱ्याच्या कडेवरचा डोंगरमाथा, नदीने सोडून दिलेले जुने वळण आणि जमल्यास होडीतून फेरी. यादी वाचून पत्नीने एवढेच विचारले, "यात नदी कधी पाहायची?" त्यावर मला काही उत्तर सुचले नाही. यातले काय ठेवावे आणि कोणत्या क्रमाने पाहावे, हे जाणकारांनी सांगावे. भूगोल शाळेतच सुटलेल्या माणसाला अशा ठिकाणी पाणी आणि झाडे यांपलीकडे काही दिसते का, हेही कळले तर बरे होईल.

काठावरचा

आपल्या पत्नीचा प्रश्न अगदी रास्त आहे. आधी हिशेब करू. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये एक ठोकताळा मांडला होता, तो आजही वापरला जातो : सपाटीवर दर तीन मैलांना, म्हणजे साधारण पाच किलोमीटरना, एक तास आणि दर दोन हजार फूट चढाईला आणखी एक तास. हा हिशेब धडधाकट माणसाचा असून त्यात थांबणे धरलेले नाही. वडील आणि मुलगी सोबत असताना त्याची दुप्पट वेळ धरा, म्हणजे आपली यादी तीन दिवसांत बसत नाही हे आपल्यालाच दिसेल.

म्हणून माझा सल्ला असा की, नदीचा दोन-अडीच किलोमीटरचा एकच टप्पा निवडावा, ज्यात निदान दोन वळणे असतील, आणि पहिले दोन दिवस त्यालाच द्यावेत. वळणावर उभे राहिलात की बाहेरचा काठ उभा, कातरलेला आणि झाडांची मुळे उघडी पडलेला दिसेल, तर आतल्या बाजूला वाळू आणि गोट्यांचा उतरता पट्टा असेल. प्रवाहाचा वेग आणि खोली बाहेरच्या काठाशी जास्त असते, त्यामुळे तिकडची माती तुटते; आतल्या बाजूला पाणी संथ असल्याने वाहून आणलेला गाळ तिथे टाकला जातो. हे वर्षानुवर्षे चालत राहिले की वळण अधिकाधिक वाकडे होत जाते आणि शेवटी एखाद्या पुरात त्याची अरुंद मान तुटून नदी सरळ वाट धरते. आपल्या यादीतले 'जुने वळण' म्हणजे अशीच मागे राहिलेली नाल. ते अवश्य पाहावे, पण जिवंत वळण पाहून झाल्यावर. आधी पाहिलेत तर ते नुसते डबके वाटेल.

दोन वळणांच्या मधल्या भागात पाणी खळाळते आणि वळणापाशी डोह शांत असतो, हेही पाहावे. असे दोन खळाळ एकमेकांपासून पात्राच्या रुंदीच्या साधारण पाच ते सात पट अंतरावर असतात, म्हणजे पात्र वीस मीटर रुंद असेल तर शंभर ते एकशे चाळीस मीटरवर. मुलीला काठाने पावले मोजायला सांगा. नदी पुस्तकाप्रमाणे वागत नाही, पण बऱ्याचदा जवळपास येते, आणि आली की मुलांना जो आनंद होतो तो पाहण्यासारखा असतो.

धबधबा एकच पाहावा, जवळचा. माथ्याचा खडक कठीण आणि त्याखालचा ठिसूळ असेल, तर पाणी खालचा भाग पोखरते, वरचा आधाराविना कोसळतो आणि धबधबा हळूहळू उगमाकडे सरकत जातो. खाली पडलेल्या मोठ्या शिळा त्याचीच खूण. घळ गाळली तरी फारसे बिघडत नाही. मात्र उघडा खडक जिथे असेल तिथे रांजणखळगे शोधावेत. भोवऱ्यात सापडलेले गोटे गरगर फिरून खडकाला भोक पाडतात, आणि पाणी ओसरल्यावर हे काम करणारे गुळगुळीत गोटे अनेकदा खळग्याच्या तळाशीच पडलेले सापडतात.

डोंगरमाथा मी शेवटच्या सकाळी ठेवीन. बहुतेक जण पहिल्याच दिवशी वर जातात आणि 'छान दृश्य' म्हणून उतरतात. दोन दिवस काठाने चालल्यावर वरून पाहिले तर 'तो आपला डोह, ते कातरलेले वळण' अशी ओळख पटते.

ओलेपाय

वरील प्रतिसादाशी सहमत आहे, फक्त पाण्याविषयी थोडे जोडतो. वेग मोजण्यासाठी काठावर दहा मीटर अंतर आखून प्रवाहात एक काटकी सोडावी. ती दहा सेकंदांत पोहोचली तर वेग सेकंदाला एक मीटर. वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो, त्यामुळे 'थोडेच जोरात आहे' हा अंदाज नेहमी फसतो. घोट्याच्या वर, जेमतेम पंधरा सेंटिमीटर असलेले वेगवान पाणीही मोठ्या माणसाचे पाय उचलू शकते. मुलीसोबत अशा ठिकाणी उतरूच नये. डोहाबाबत आणखी एक फसगत असते : पाण्याचा अपवर्तनांक 1.33 असल्याने वरून सरळ पाहिल्यास खोली तीन-चतुर्थांशच दिसते, म्हणजे दीड मीटर वाटणारा डोह प्रत्यक्षात दोन मीटर असतो.

एकदा आम्ही गुडघाभर पाण्यातून पलीकडच्या वाळूवर गेलो होतो. आमच्या डोक्यावर स्वच्छ ऊन होते. तासाभराने कुणीतरी म्हणाले की पाणी चहासारखे का दिसते आहे; तोवर सुकी पाने आणि काटक्या वाहत येऊ लागल्या होत्या. वरच्या डोंगरात पाऊस झाला होता. सुदैवाने मागे उंच जमीन होती, पण पाणी उतरेपर्यंत पाच तास तिथेच बसून काढावे लागले. पाणी गढूळ होणे, कचरा वाहत येणे, आवाज बदलणे यांपैकी काहीही जाणवले तर सामान गोळा करत बसू नये, आधी वर चढावे. वरच्या अंगाला धरण असेल तर पाणी केव्हा सोडतात, हे गावात आधीच विचारून घ्यावे.

होडीची फेरी संथ पाण्यात, जीवरक्षक जाकीट घालूनच करावी. बुटके बंधारे दिसायला निरुपद्रवी वाटतात, पण त्यांच्या पायथ्याशी पडणारे पाणी उलटे फिरून माणसाला पुन्हा पुन्हा आत ओढते. तिथून होडी खांद्यावर घेऊन काठाने जाणे, हाच एक मार्ग.

चतुर_टाचणी

वडिलांची काळजी करू नये; या सहलीत त्यांचीच बाजू वरचढ ठरेल. खंड्या पाण्यावर झुकलेल्या ठरावीक फांदीवर परत परत येतो, आणि त्याला पाहण्यासाठी हिंडण्यापेक्षा अर्धा तास एका जागी गप्प बसणेच उपयोगी पडते. शेपूट सतत वरखाली हलवणारा धोबीही अशा वेळी जवळ येतो.

मुलीसाठी उथळ, संथ कडेचा तळहाताएवढा एखादा गोटा अलगद उलटावा. त्याच्या खालच्या अंगाला वाळूच्या कणांची बोटाच्या पेरापेक्षा लहान नळी चिकटलेली दिसली, तर ते कॅडिसफ्लायच्या अळीचे घर समजावे. ही अळी स्वतःच्या रेशमाने एकेक कण जोडून ते बांधते. जवळच चपटी, तीन शेपट्यांची मेफ्लायची पिल्ले सरपटताना दिसतील. असे विविध कीटक भरपूर असतील तर पाण्यात प्राणवायू पुरेसा आहे असे मानायला हरकत नाही, पण म्हणून ते पाणी न उकळता पिऊ नये. गोटा होता तसाच, त्याच बाजूने परत ठेवावा.

पायवाट

सर्वांचे आभार. घळ, दुसरा धबधबा आणि संगम मी यादीतून काढले. एकच शंका उरली : तंबू अगदी काठाच्या वाळूवर ठोकावा असा मुलीचा हट्ट आहे, तो पुरवावा का?

काठावरचा

पुरवू नये. रात्री उतारावरची थंड हवा जड होऊन खाली वाहते आणि खोऱ्याच्या तळाशी साचते. सकाळचे धुके बहुधा त्यामुळेच तिथे असते आणि तंबू आतून ओला होतो. काठापासून वर नदीची जुनी, सपाट पायरी असेल तर ती बरी. तरीही जागा ठरवण्यापूर्वी भोवतालच्या झाडांकडे पाहावे : फांद्यांत सुके गवत आणि चिंध्या अडकलेल्या असतील तर मागचा पूर तिथवर आला होता. मुलीलाच ती खूण शोधायला सांगा आणि तंबू तिच्याहून बराच वर लावा.