नात्यातल्या माणसाने गुन्हा केला तर ख्रिस्ती माणसाने पोलिसांत सांगावं का?

शालोम_परभणी

सर्वांना जय ख्रिस्त. युवक संघात रोमकरांस पत्राचा १३वा अध्याय घेतला की हा प्रश्न हमखास येतो, आणि "अधिकाऱ्यांच्या अधीन राहा" एवढ्या उत्तराने पोरांचं समाधान होत नाही. भाऊ, मुलगा, नवरा, चुलता यांच्यापैकी कुणी कायदा मोडला आणि ते आपल्याला कळलं, तर काय करायचं?

पेत्राच्या पहिल्या पत्रात (४:८) प्रीती पापांची रास झाकते असं आहे. इफिसकरांस ५:११ अंधाराची कामं उघडी पाडायला सांगतं. दोन्ही वचनं खरी मानायची तर वागायचं कसं? त्यात आपल्याकडे मंडळी लहान, सगळे एकमेकांचे सोयरे. "नाव खराब होईल" एवढ्या भीतीवर प्रकरणं दाबली जातात.

नेमके प्रसंग देते. शेतातल्या मोटारीसाठी तारेवर टाकलेला आकडा. गाडीने माणसाला उडवून घरी पळून आलेला भाऊ. गांजा ओढणारा मुलगा. ऊसतोडीला जायच्या आधी सोळा वर्षांच्या पोरीचं लग्न उरकायला निघालेले घरचे. शिवाय, पाळकाला विश्वासाने सांगितलेली गोष्ट कोर्टापुढे गुप्त राहते का? कायदा आणि वचन दोन्ही जाणणाऱ्यांनी लिहावं.

कोर्टवाट_लातूर

ताई, आधी कायदा सांगतो, कारण लोकांची भीती बहुतेकदा चुकीच्या जागी असते.

कळलेला प्रत्येक गुन्हा पोलिसांना सांगितलाच पाहिजे, असं कायदा म्हणत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (१ जुलै २०२४ पासून लागू) कलम ३३ मध्ये ठरावीक गुन्ह्यांची यादी आहे. खून, सदोष मनुष्यवध, खंडणीसाठी अपहरण, जबरी चोरी, दरोडा, दहशतवादी कृत्य, खोट्या नोटा, अन्नात आणि औषधात भेसळ, सरकारी नोकराने केलेला अपहार असे गुन्हे त्यात येतात. यातलं काही झाल्याचं, किंवा कुणी करणार असल्याचं कळलं, तर सांगणं बंधनकारक आहे. न सांगण्याला सबळ कारण होतं हे आपल्यालाच सिद्ध करावं लागतं. साधी चोरी, दारू पिऊन गाडी चालवणं, वीजचोरी या यादीत नाहीत.

लहान लेकरावरचा लैंगिक अत्याचार हा विषयच वेगळा. तिथे पोक्सो कायद्याचं कलम १९ प्रत्येकाला लागू होतं, आई, आजी, पाळक, संडे स्कूलची शिक्षिका, कुणीही सुटत नाही. माहिती असून सांगितलं नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचं प्रकरण दाबलं तर एक वर्षापर्यंत. खात्री लागत नाही, तसं होण्याची भीती वाटली तरी कळवायचं असतं, आणि प्रामाणिकपणे दिलेल्या माहितीवरून सांगणाऱ्यावर कारवाई होत नाही.

आता माणसं खरी कुठे अडकतात ते बघा. गप्प राहणं, लपवणं आणि पुरावा नष्ट करणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. यादीबाहेरच्या गुन्ह्यात, वर सांगितलेलं पोक्सो सोडून, गप्प राहिल्याबद्दल शिक्षा नाही. पण आरोपीला घरात ठेवणं, जेवण, पैसे, गाडी देणं, पोलिसांच्या हाती लागू नये म्हणून मदत करणं हा आश्रय देण्याचा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम २४९. यात सूट फक्त नवरा-बायकोला. आईला नाही, भावाला नाही, सासऱ्याला तर नाहीच. "मी तर त्याची आई" हे कोर्टात शिक्षा कमी करायला कामाला येईल, गुन्हा पुसायला येणार नाही. आणि रक्ताचे कपडे धुणं, मोबाइल फोडणं हे कलम २३८ मध्ये येतं. तिथे बायकोलाही सूट नाही.

तुमचा गाडीचा प्रसंग याच कलमात बसतो. निष्काळजीपणाने झालेला मृत्यू (कलम १०६) सक्तीच्या यादीत नाही, त्यामुळे भावाने सांगितलेलं मनात ठेवलं म्हणून तुम्ही आरोपी होत नाही. पण रातोरात गॅरेजला नेऊन बंपर बदलला, काच बसवली, गाडी धुतली, की घरच्यांवरही गुन्हा. चालकावर मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ आहे: जखमीला दवाखान्यात पोहोचवायचं, आणि पोलिसांना लवकरात लवकर, उशिरात उशिरा २४ तासांत कळवायचं. म्हणून पहिला फोन १०८ ला, मग ठाण्याला. माणूस रस्त्यावर जिवंत पडलेला असू शकतो, त्यामुळे इथे विचार करत बसायला वेळच नाही. गाडी ज्या अवस्थेत आहे त्या अवस्थेत उभी ठेवा. वकील वाटेत गाठता येतो.

आकड्याचं प्रकरण बरंच सोपं आहे आणि तक्रारीची वेळ यायलाच नको. वीज कायदा २००३ चं कलम १५२ एकदाच तडजोडीची संधी देतं. मूळ कायद्यात शेतीचा दर प्रति अश्वशक्ती २,००० रुपये आहे, म्हणजे पाच एचपीच्या मोटारीला १०,०००, शिवाय चोरलेल्या विजेचं बिल वेगळं. दुसऱ्यांदा सापडल्यावर ही वाट बंद. भावाला हा हिशेब सांगा, आकडा काढायला लावा आणि महावितरणच्या उपविभागात सोबत जा. लोकांचं लुबाडलेलं परत देणाऱ्या जक्कयाने केलं ते हेच, भरपाई.

गांजाबद्दल: एक किलोपर्यंत अल्प प्रमाण धरतात, पण तेवढ्यालाही शिक्षा आहेच. मात्र अंमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४ अ नुसार व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचाराला गेला, तर सेवनाच्या आणि अल्प प्रमाणाच्या आरोपातून त्याला सूट मिळते. उपचार अर्धवट सोडले तर सूट काढून घेतली जाऊ शकते. म्हणून ठाण्याआधी व्यसनमुक्ती केंद्र. हेल्पलाइन १४४४६. पोरगा दुसऱ्या पोरांना विकत असेल तर मात्र ही सूट विसरा.

गोदातीर

कायद्याचं वरती नेमकं आलं आहे. वचनाबद्दल लिहितो, कारण मंडळीत खरी गल्लत तिथे होते.

"प्रीती पापं झाकते" या वचनात माझ्याविरुद्ध झालेलं पाप माफ करण्याची गोष्ट आहे. भावाने माझे पैसे बुडवले, मी सोडून दिले. तो माझा हक्क. पण त्याने शेजारच्या लेकरावर हात टाकला, तर ती क्षमा माझ्या खिशातून देता येत नाही. ती देण्याचा हक्क त्या लेकराचा आहे. दुसऱ्याच्या जखमेवर आपण पांघरूण घालायचं आणि त्याला प्रीती म्हणायचं, हे पेत्राच्या पत्रात कुठेच नाही. १ करिंथकरांस १३:६ म्हणतं की प्रीती अनीतीत आनंद मानत नाही, सत्यात मानते.

शास्त्रात घरच्यांचं दाबलेलं प्रकरण शोधायचं असेल तर २ शमुवेल १३ वाचा. दावीदाचा मुलगा अम्नोन याने सावत्र बहिणीवर, तामारेवर बलात्कार केला. दावीद राजा होता, बाप होता. तो रागावला, आणि शास्त्र त्यापुढे त्याची कुठलीच कृती सांगत नाही. तामारेचा सख्खा भाऊ अबशालोम दोन वर्षं गप्प राहिला आणि मग त्याने अम्नोनाला ठार करवलं. पुढे बापाविरुद्ध बंड झालं ते याच घरातून. एली याजकाचं तेच: मुलांची दुष्कृत्यं माहीत होती, तोंडी बोलला, पण आवरलं नाही, आणि १ शमुवेल ३:१३ मध्ये देव त्याच्यावर नेमका हाच दोष ठेवतो. लेवीय ५:१ तर सरळ सांगतं की साक्षीदार असून सांगितलं नाही तर दोष त्याच्यावर.

मत्तय १८ चा दुरुपयोग फार होतो. "आधी एकांतात भेट, मग दोघे-तिघे, मग मंडळी" ही पायरी भावाभावातल्या अपराधासाठी आहे. मारहाण होणाऱ्या बाईला "आधी नवऱ्याशी एकटीने बोल" म्हणून परत पाठवणं म्हणजे तिला पुन्हा त्याच हातात देणं. तिला आधी सुरक्षित जागा, १८१ ही महिला हेल्पलाइन आणि तालुक्याचे संरक्षण अधिकारी. १ करिंथकरांस ६ मध्ये पौल विश्वासणाऱ्यांना एकमेकांवर कोर्टात जाऊ नका म्हणतो, ते ऐहिक वादांबद्दल. बांधाचा वाद, उसने पैसे, वाटणी यांना ते चपखल लागू होतं आणि आपल्याकडे ते पाळलं तर निम्मी भांडणं वाचतील. खून-बलात्काराला ते वचन लावू नका. तलवार अधिकाऱ्याच्या हाती दिली आहे असं म्हणणारा (रोम १३:४) तोच पौल आहे.

उलट बाजूही धरली पाहिजे. इजिप्तच्या सुइणींनी फारोची आज्ञा मोडली, राहाबेने हेर लपवले, आणि शास्त्र त्यांची बाजू घेतं. पण तिथे सत्ताच निरपराधांचा जीव मागत होती. आकडा टाकणाऱ्याने प्रेषित ५:२९ ("माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे") पुढे करू नये. आणि लेवीय १९:१६ त्याच श्वासात चहाडी करू नको म्हणतं आणि शेजाऱ्याच्या जिवावर बेतलं असताना गप्प उभा राहू नको असंही म्हणतं. भावकीच्या रागातून, वाटणीचा सूड म्हणून केलेली तक्रार चहाडीच, कागदपत्रं खरी असली तरी.

माझं मत असं: कुणाला इजा झाली आहे किंवा पुन्हा होऊ शकते, तिथे सांगायचंच, आणि लवकर. ज्याचं नुकसान फक्त त्याचं स्वतःचं आहे किंवा पैशाने भरून येतं, तिथे आधी त्याला स्वतःच्या पायाने जायला मदत करायची. खोटं मात्र दोन्हीकडे बोलायचं नाही.

शालोम_परभणी

खूप मदत झाली. बालविवाहाचं आणि पाळकाचं राहिलं. दिवाळीआधी हेच जास्त येतं: ऊसतोडीचा मुकादम उचल (आगाऊ पैसे) देताना कोयता मोजतो, म्हणजे नवरा-बायकोची जोडी. म्हणून पोरगी उरकून टाकतात.

बालहक्क_बीड

ताई, बालविवाहात वेळ सगळ्यात महत्त्वाचा. लग्नाच्या दिवशी मांडवात पोलीस आले की तमाशा होतो, घरचे हमीपत्र लिहून देतात आणि रात्री दुसऱ्या तालुक्यात, पाहुण्यांच्या शेतात लग्न लागतं. साखरपुड्याची, बोलणी झाल्याची कुणकुण लागताच हलायचं.

पोरीच्या वयाचा पुरावा आधी पक्का करा. शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला. बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ चा क्रम हाच. आधारवरची तारीख पुरावा म्हणून धरू नका, ती बदलून आणलेली असते. मग १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला फोन: पोरीचं नाव, गाव, शाळा, लग्नाची तारीख, ठिकाण. स्वतःचं नाव गुप्त ठेवायला सांगता येतं. गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. तो भावकीतला किंवा दबलेला वाटला तर तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे लेखी द्या आणि पोच घ्या. घरचे ऐकतच नसतील तर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडून मनाईहुकूम मिळतो (बालविवाह प्रतिबंधक कायद्याचं कलम १३). त्यानंतर लावलेलं लग्न मुळातच रद्दबातल ठरतं.

घरच्यांना समजावताना भावनेपेक्षा त्याच कायद्याचं कलम ११ सांगा. लग्न लावणारे, ठरवणारेच नव्हे, हजर राहणारेही आरोपी होऊ शकतात: दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी, एक लाखापर्यंत दंड, जामीन हक्काने नाही. बायकांना या कलमाखाली कैद होत नाही, पण दंड होतो. आशीर्वाद देणारा पाळक कलम १० मध्ये येतो. आणि अठराच्या आतली पोरगी गरोदर राहून दवाखान्यात आली की डॉक्टरला कळवावंच लागतं. मग नवऱ्यावर पोक्सो लागतो. जावयाला त्यातून वाचवायचं असेल तर लग्न थांबवणं हाच एक उपाय, हे वाक्य बापाला पटतं.

थांबलं म्हणून फाईल बंद करू नका. पोरीला बाल कल्याण समितीपुढे हजर करा आणि ती पुन्हा शाळेत जाते का बघा. आईबाप तोडणीला जाणार असतील तर तिच्या राहण्याची सोय आधी लागते, म्हणजे वसतिगृह किंवा गावातली आजी. ही सोय नसल्यामुळेच बहुतेक लग्नं ठरतात. मंडळीने पैसे आणि माणसं इथे लावावीत.

एक गोष्ट कळकळीने: अत्याचाराच्या प्रकरणात पोरीचं नाव घालून व्हॉट्सअ‍ॅपवर प्रार्थना विनंती टाकू नका. पीडितेची ओळख उघड करणं हा न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षा. "आपल्यातल्या एका लेकरासाठी प्रार्थना करा" एवढं पुरतं, आणि लहान गावात तेवढंही ओळखू येतं म्हणून तेही जपून.

कोर्टवाट_लातूर

पाळकाबद्दल. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ मध्ये वकील-अशिलातलं बोलणं (कलम १३२) आणि लग्न टिकून असताना नवरा-बायकोतलं बोलणं (कलम १२८) सुरक्षित आहे. पाळक आणि विश्वासणारा यांच्यासाठी तसं कलम नाही. नवरा-बायकोचंही संरक्षण बोलण्यापुरतं. डोळ्यांनी पाहिलेलं त्यात येत नाही, आणि एकाने दुसऱ्याविरुद्धच केलेल्या गुन्ह्यात ते मिळतच नाही. कॅथलिक याजकाला कबुलीजबाबाची मोहर चर्चच्या कायद्याने (कॅनन ९८३) अभंग आहे, मोडली तर बहिष्कार. पण पोक्सोमध्ये त्यासाठी अपवाद लिहिलेला नाही. बहुतेक प्रोटेस्टंट पाळकांकडे अशी मोहर नाही, म्हणून त्यांनी ऐकायच्या आधीच सांगावं: "लेकराला धोका असेल तर मला कळवावं लागेल."

कुणी स्वतःहून हजर व्हायला तयार झाला तर: आधी वकील, परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, फोन १५१००. बाई, बालक, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती आणि कोठडीतला माणूस यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. ओळखपत्र, चालू औषधं आणि त्यांची चिठ्ठी सोबत. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात बहुतेकदा नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस देऊन सोडतात, तारखेला हजर राहिला तर. अटक झालीच तर प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे नेलं पाहिजे. अठराच्या आतल्या पोराला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, त्याला बाल न्याय मंडळापुढे नेतात. ठाण्यात वयाचा दाखला लगेच दाखवा.

गोदातीर

एवढंच जोडतो: तक्रार देणाऱ्याने जामीनदार म्हणून उभं राहायला हरकत नाही, कायदा अडवत नाही. सातबारा किंवा पगारपत्रक लागतं. मंडळीतल्या दोघांनी ही तयारी आधीच ठेवली तर आईला पोराविरुद्ध बोलताना "मी त्याला टाकून दिलं" असं वाटत नाही. हर्सूलच्या तुरुंगात भेटीला जायचं तर नियम आधी विचारून घ्या, ओळखपत्राची मूळ प्रत जवळ ठेवा, आणि पहिल्या भेटीला आईसोबत कुणीतरी जा.