मदत हवी आहे: श्रीलंकेचा एम२ (ब्रॉड मनी, म्हणजे रोख आणि बँकेतल्या ठेवी मिळून देशातला पैसा) भागिले परकीय गंगाजळी, नक्की कोणता आकडा धरायचा?

एमएच्या प्रोजेक्टसाठी श्रीलंकेचं २०२२ चं संकट घेतलंय आणि पैशाचा पुरवठा गंगाजळीच्या किती पट होता हे काढतोय (पट जितकी जास्त तितका धोका जास्त). २०१९ अखेर ब्रॉड मनी साधारण ७.६ लाख कोटी श्रीलंकन रुपये, डॉलर १८१ च्या आसपास, गंगाजळी ७.६ अब्ज डॉलर, म्हणजे साडेपाच पट, इथपर्यंत ठीक. २०२१ अखेर मात्र पैसा सुमारे १०.६ लाख कोटी, गंगाजळी जेमतेम ३.१ अब्ज, त्यामुळे २०० च्या दराने १७ पट येतं.

पण त्या ३.१ मधले साधारण दीड अब्ज चीनशी झालेल्या स्वॅपचे (चलन अदलाबदलीच्या कराराचे) युआन होते आणि तीन महिन्यांच्या आयातीइतकी गंगाजळी असल्याशिवाय ते वापरता येत नव्हते, म्हणजे नावालाच. ते वगळले तर ३३ पट! बरं, डॉलरचा २०० हा दरही सरकारी पातळीवर धरून ठेवलेला, मार्च २०२२ मध्ये मोकळा सोडल्यावर मे पर्यंत ३६० झाला. तो दर डिसेंबरच्याच आकड्यांना लावला तर ३.१ धरून गुणोत्तर उलट साडेनऊवर येतं, म्हणजे रुपया पडला की देश सुरक्षित?? काहीतरी गंडतंय.

आयएमएफचा २० टक्क्यांचा निकष (गंगाजळी ब्रॉड मनीच्या २० टक्के असावी) आणि आयातीचे महिने माहितीयत, ते वेगळे दिलेत. इकॉनॉमेट्रिक्स नको, एक्सेलमध्ये बसेल असंच सांगा. तक्त्यात स्वॅप वगळूनच आकडा द्यायचा का, आणि दर संकटाआधीचा धरायचा की नंतरचा?