आईच्या ऑपरेशनमध्ये हिरवा डाय टाकणार म्हणतात, कॅन्सर खरंच चमकतो का?

दांडियाबाजारकर:
नमस्कार मंडळी, आईचं (वय ६३) ब्रेस्टचं ऑपरेशन पुढच्या बुधवारी आहे, इथेच बडोद्यात. सर्जन म्हणाले आयसीजी नावाचा हिरवा डाय टाकून कॅमेऱ्यात बघू. बाहेर आल्यावर मामा लगेच म्हणाला, आता काय कॅन्सरची पेशी न् पेशी चमकणार, काही राहायचंच नाही. मला ते पटेना, पण परत आत जाऊन विचारायचं तर बाहेर पंचवीस जण बसलेले. शिवाय मागे सीटी स्कॅनच्या इंजेक्शननंतर आईच्या अंगावर पित्त उठलं होतं, ते सांगावं लागेल का?

ओटीतली_ताई:
आधी पित्ताचं. आजच फोन करून सांगा, सर्जनना पण आणि भूलवाल्यांना पण. सीटीच्या इंजेक्शनात असतं तसं आयसीजीतही आयोडीन असतं.
आता चमकण्याचं. आयसीजी कॅन्सर ओळखत नाही हो. बहुतेक तुमच्याकडे तो काखेतल्या लिम्फच्या गाठींसाठी असणार (त्या सगळ्यांनाच असतात, कॅन्सरच्या नव्हेत), नक्की विचारून घ्या. निपलच्या आसपास टोचतात आणि ब्रेस्टमधून लिम्फ, म्हणजे अंगातला पातळ द्रव, ज्या गाठीत पहिल्यांदा जाते तिथे तो पोचतो. ती चमक नुसत्या डोळ्याला दिसत नाही, इन्फ्रारेड कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर दिसतं. आमच्याकडे त्या वेळी वरचे मोठे लाइट बंद करतात, मग काळ्या स्क्रीनवर कातडीखालून एक रेघ सरकत काखेकडे जाते, इतकी वर्षं झाली तरी मी मान वळवून बघतेच. चमकलेल्या गाठी काढून तपासायला पाठवतात. त्यात कॅन्सर आहे की नाही ते पॅथॉलॉजीवालेच सांगणार.

सुरसागरकाठचा:
मामा अगदीच चूक नाहीत, डाय वेगळा. माझ्या मेव्हण्याला मेंदूचा ट्यूमर (ग्लायोमा) होता, त्याला फाइव्ह-एएलए नावाचं औषध दिलं, भुलीच्या तीनेक तास आधी प्यायला. त्यात ट्यूमरच्या पेशीच रंगीत द्रव्य तयार करतात, निळ्या उजेडात लाल-गुलाबी दिसतात. २००६ च्या जर्मनीतल्या ट्रायलमध्ये स्कॅनवर दिसणारा ट्यूमर पूर्ण निघाला असे पेशंट ६५ टक्के, साध्या उजेडात ३६. नंतर दोन दिवस ऊन आणि प्रखर लाइट बंद, आम्ही खिडकीला हॉस्पिटलचीच चादर सेफ्टी पिनांनी लावली होती आणि सिस्टर सकाळी येऊन ओरडली.

ओटीतली_ताई:
बरोबर. ब्रेस्टसाठीपण तसा डाय आलाय, पेग्युलिसियानिन, कॅन्सरची गाठ काढल्यावर आत काही राहिलंय का ते बघायला. अमेरिकेत एप्रिल २०२४ मध्ये मंजूर झाला. पण तो आयसीजी नव्हे.

दांडियाबाजारकर:
फोन केला, पित्ताचं ऐकून ते म्हणाले आयसीजी नको, निळा डाय वापरू. काखेसाठीच होता. मामाला हे सगळं वाचून दाखवलं तर म्हणतो, कॅन्सर दिसत नाही तर कॅमेरा हवा कशाला?

ओटीतली_ताई:
मामांना म्हणावं, त्या दोन-तीन गाठी स्वच्छ निघाल्या तर अख्खी काख साफ करावी, म्हणजे तिथल्या सगळ्या गाठी काढाव्या लागत नाहीत आणि मग हात सुजायची भीती बरीच कमी. निळ्या डायचं कामही तेच. आणि हो, लघवी एक-दोन दिवस निळी-हिरवी होईल, आईंना आधीच सांगून ठेवा नाहीतर रात्री दोनला तुम्हालाच उठवतील.